शेजारच्या शेताचा झोन बदलतोय का? गोव्यातल्या लहान शहरात नगरनियोजनावर नजर ठेवण्याची आणि हरकत घेण्याची रीत

गोवा सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं. आपल्याकडे सकाळी पेपर आला की आधी निधनवार्ता बघायची सवय घरोघरी आहे, राजपत्र उघडणारं घर मात्र क्वचितच. आणि देवळाखालचं शेत शेत राहणार की तिथे पाच मजल्यांची इमारत उभी राहणार, हे त्या राजपत्रातल्या चार ओळींत ठरून जातं.

मला हे उशिरा कळलं. आमच्या प्रभागात झरीच्या पाण्यावर दोन पिकं देणारं एक शेत होतं. एका मे महिन्यात तिथे जेसीबी उतरला. आम्ही सगळे धावलो, नगरसेवकाला घेऊन गेलो, घोषणाही दिल्या. मग फाइल बघायला मिळाली. नोटीस काही महिन्यांपूर्वीच निघून गेली होती आणि त्याखाली शेरा होता : मुदतीत एकही हरकत आलेली नाही. आम्ही पन्नास माणसं चिखलात उभी होतो आणि कागदावर आमच्यातलं कोणीच नव्हतं. तेव्हापासून मी हे काम शिकत आलो. ते लिहून ठेवतो आहे, म्हणजे तुमची सुरुवात चिखलातून होणार नाही.

आधी ओळखा, ठरवतं कोण

गोव्यातल्या जमिनीच्या वापराचा मूळ कायदा म्हणजे १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा. त्याखाली तीन-चार ठिकाणी सत्ता वाटलेली आहे, आणि चुकीच्या दारात उभं राहण्यातच लोकांचा निम्मा वेळ जातो.

सर्वात वर नगर व ग्राम नियोजन मंडळ. त्याचे अध्यक्ष खात्याचे मंत्री असतात आणि मुख्य नगरनियोजक सदस्य-सचिव. त्याखाली टीसीपी, म्हणजे नगर व ग्राम नियोजन, खातं आणि त्याची तालुका कार्यालयं. काही भाग 'नियोजन क्षेत्र' म्हणून जाहीर झालेला असतो. तिथे पीडीए, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरण, काम करतं आणि त्या भागाचा बाह्यविकास आराखडा बनवतं. त्यालाच आपण सगळे ओडीपी म्हणतो. म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को ही शहरं अशा क्षेत्रांत येतात. डिचोली, वाळपई, पेडणे अशा शहरांचं पान बहुधा थेट टीसीपी आणि प्रादेशिक आराखडा २०२१ (सगळ्या गोव्याच्या जमीनवापराचा आराखडा) यांच्याशी जोडलेलं असतं. आपला सर्व्हे नंबर ओडीपीत आहे की प्रादेशिक आराखड्यात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्यावर ठरतो.

पालिका आणि पंचायत झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची ते, ठरवत नाहीत. त्या बांधकाम परवाना देतात, पालिका १९६८ च्या कायद्याखाली आणि पंचायत १९९४ च्या पंचायतराज कायद्याखाली. म्हणून 'नगरसेवकानेच शेत विकून खाल्लं' हा आरोप पुष्कळदा चुकीच्या माणसावर होतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय बाराव्या अनुसूचीत पहिल्या क्रमांकावर ठेवला, म्हणजे ते पालिकांकडे सोपवता येईल असं काम मानलं. आपल्याकडे ती सोपवणी झालेली नाही. लोकांनी निवडलेल्या पालिकेच्या हाती परवाना, आणि नकाशा मात्र मंत्र्यांच्या मंडळाकडे किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे, ही उतरंड मला मनापासून चुकीची वाटते. पण ती आहे, आणि तिच्यातूनच वाट काढायची आहे.

आपल्या वाड्याचे नंबर लिहून काढा

एक वही घ्या. आपल्या वाड्यातली शेतं, भाटं (बागायती), डोंगरउतार, तळी, देवस्थानाची आणि कोमुनिदादची (जुन्या ग्रामसंस्थेची सामाईक) जमीन, सगळ्यांचे सर्व्हे नंबर आणि उपविभाग त्यात उतरवा. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा ऑनलाइन मिळतो. शहर सर्वेक्षणात आलेल्या भागासाठी फॉर्म 'डी' असतो. भूमापनाचा नकाशा भूमापन खात्याकडून घ्या. उताऱ्यात तीन गोष्टी बघा : कब्जेदार कोण, कुळाच्या रकान्यात नाव आहे का, आणि पिकाखाली काय नोंदलंय. कुळाचं नाव असेल तर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा लागू होतो. कुळकायद्याने कुळाकडे आलेली शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. झोन काहीही म्हणो, हा मुद्दा स्वतंत्रपणे उभा राहतो आणि तो फार थोडे लोक मांडतात.

मग प्रत्येक नंबराचा झोन शोधा. प्रादेशिक आराखड्याचे गाववार नकाशे टीसीपीच्या संकेतस्थळावर आहेत, ओडीपीचे पीडीएकडे. नकाशावर रंग पुसट असतो, रस्त्याची रेघ दोन नंबरांच्या मधून जाते, आणि डोळ्याला दिसतं त्यावर कोणी अधिकारी बांधील नसतो. शंका असेल तिथे शुल्क भरून झोनिंगचा दाखला लेखी मागा.

हे काम एका रविवारी होणार नाही. आम्हाला एक पावसाळा लागला. म्हातारी माणसं सोबत घ्या. कोणत्या कोपऱ्यात मानस (पाणी अडवायचं दार) होती, कोणता व्हाळ (ओढा) बुजवला, कुठल्या तुकड्याला काय नाव होतं, हे नकाशात नसतं, त्यांच्या तोंडी असतं.

झोनची अक्षरं म्हणजे चौरस मीटर

एस-१, एस-२ वाचून लोक पान उलटतात. पण त्या अक्षरांत इमारतीचं आकारमान दडलेलं आहे. २०१० च्या जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावलीत वस्तीच्या झोनना एफएआर, म्हणजे भूखंडाच्या किती टक्के बांधकाम करता येईल ते, ठरवून दिला आहे : एस-१ ला १००, एस-२ ला ८०, एस-३ ला ६०, एस-४ ला ५०. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये गावांची वर्गवारी झाली, व्हीपी-१ ला ८० आणि व्हीपी-२ ला ६०.

हिशोब करून बघा. ५०० चौरस मीटरचा भूखंड एस-४ मध्ये असेल तर २५० चौरस मीटर बांधकाम, एस-१ मध्ये असेल तर ५००. जमीन तीच, वाट तीच, विहीर तीच, पण घरं दुप्पट. शेजारी ८,००० चौरस मीटरचं भाट असेल तर एस-४ चं एस-१ होणं म्हणजे ४,००० चौरस मीटर जास्तीचं बांधकाम. त्यासोबत येणाऱ्या गाड्या, बोअरवेल आणि सेप्टिक टाक्या या हिशोबात धरलेल्याच नाहीत. म्हणून हरकत फक्त 'शेताची वस्ती' झाली तरच घ्यायची असं नाही. वस्तीतल्या वस्तीत दर्जा वाढवला जातो, तोही बघायचा.

दुसऱ्या टोकाला संवेदनशील जमीन. प्रादेशिक आराखडा २०२१ ने इको-१ आणि इको-२ असे दोन वर्ग केले. जंगल, भातशेती, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन), पाणवठे आणि २५ टक्क्यांहून जास्त उतार पहिल्यात. बागायती वगैरे दुसऱ्यात. खाजनांना आणखी एक कवच आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद केली आहे आणि तिने खाजन जमिनीत विकासकाम करायला मनाई केली. गाव समुद्रापासून लांब आहे म्हणून हा कायदा आपल्याला नाही असं समजू नका. भरती-ओहोटीचं पाणी नदीतून जिथपर्यंत आत येतं, तिथपर्यंत तो येतो.

बदल कोणकोणत्या दारांनी येतो

पहिलं दार मोठं असतं : नवा प्रादेशिक आराखडा किंवा नवा ओडीपी. तो येतो तेव्हा गाजावाजा होतो आणि लोक जागे होतात. ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, डिसेंबरात पणजीचं आझाद मैदान भरलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्या सहभागाने कृती दल नेमलं गेलं, गावपातळीवर समित्या बसल्या आणि २०२१ चा आराखडा आकाराला आला. तो २०११ मध्ये अधिसूचित झाला, २०१२ मध्ये स्थगित झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा बाहेर आला. अलीकडे २०२३ मध्ये पेडणे तालुक्याचा झोनिंग आराखडा लोकांच्या विरोधानंतर सरकारला सोडून द्यावा लागला. मोपाचा विमानतळ सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि तिथल्या जमिनीला कसले भाव आले होते हे सर्वांना माहीत आहे.

दुसरं दार लहान आहे, आणि धोका जास्त तिथेच : एकेका सर्व्हे नंबराचा बदल. २०१८ मध्ये कायद्यात कलम १६ब आलं. २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, ज्याने आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करायच्या होत्या. १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आखडून दिला. दरम्यान २०२४ मध्ये कलम ३९अ आलेलं होतं. त्यात मालक अर्ज करू शकतो, किंवा सरकार आपणहून निर्देश देऊ शकतं. लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवसांची नोटीस निघते, मग विषय मंडळापुढे जातो आणि शेवटी सरकार अंतिम अधिसूचना काढतं.

ते ३० दिवस लक्षात ठेवा. तुमच्या दारावर वेगळी चिठ्ठी येईल म्हणून थांबू नका. नोटिशीत गावाचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, सध्याचा झोन आणि प्रस्तावित झोन एवढंच असतं. तुमची वही इथे कामाला येते. वहीत नंबर असतील तर नोटीस वाचायला दोन मिनिटं लागतात. नसतील तर कोरगाव, मये किंवा बेतोड्याच्या नावापुढचा आकडा म्हणजे कुठली जमीन हे शोधण्यातच दोन आठवडे जातात.

तिसरं दार परवान्यांचं. झोन अनुकूल असला तरी जिल्हाधिकाऱ्यांची रूपांतर सनद (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी), टीसीपीचा तांत्रिक मंजुरी आदेश किंवा पीडीएची विकास परवानगी, मग पालिका-पंचायतीचा बांधकाम परवाना, काम संपल्यावर पूर्णत्वाचा आणि शेवटी वापराचा दाखला, अशी साखळी असते. ती कुठल्याही कडीवर तपासता येते. सनदेत शेताला जोडून वाट दाखवली आहे, आणि जागेवर ती वाट म्हणजे कोणाचातरी बांध आहे, असं आम्ही दोनदा पाहिलं.

गुरुवारची पाळी लावा

तीन-चार जणांत पाळी वाटा. एकाने गुरुवारी-शुक्रवारी राजपत्राचे तिन्ही भाग उघडून गावाचं नाव शोधायचं. असाधारण राजपत्र कुठल्याही दिवशी निघतं, म्हणून सोमवारी पुन्हा एक नजर. दुसऱ्याने टीसीपीचं संकेतस्थळ आणि पालिकेचा फलक बघायचा. तिसऱ्याने मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त. सापडलेली नोटीस त्याच दिवशी फोटो काढून ठेवायची, तारीख दिसेल अशी. मुदतीचा शेवटचा दिवस लाल पेनाने कॅलेंडरवर लिहा, आणि आपली मुदत त्याच्या पाच दिवस आधी धरा. चतुर्थीच्या दिवसांत हे काम सुटतं. घरोघर माटोळी बांधायची घाई असते, बाहेरगावचे लोक आलेले असतात आणि कोणालाच आठवण राहत नाही. तेव्हा पाळी आधीच पक्की करून ठेवा.

जागेवर जा, आणि वेळेवर जा

हरकत लिहिण्याआधी त्या तुकड्यावर उभे राहा. रस्ता किती मीटर रुंद आहे ते टेपने मोजा, अंदाजाने नको. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा. विहिरी मोजा. एप्रिल-मेमध्ये विहिरीला किती पाणी उरतं ते शेजाऱ्यांना विचारून तारखेसह लिहा. पावसाळ्यात पाणी भरत असेल तर तेव्हाचे फोटो जपून ठेवा. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली, बार्देशात नद्यांनी घरं बुडवली, तेव्हाचे फोटो ज्यांनी टिकवले त्यांच्या हरकतीला आज वजन आहे. नवे फोटो काढायला गेलात तर पुढचा पूर येईपर्यंत थांबावं लागेल.

परवानगीशिवाय खाजगी जमिनीत शिरू नका. वाटेवरून, देवळाच्या अंगणातून, शेजाऱ्याच्या गच्चीवरून जे दिसतं ते पुरतं.

हरकत लिहायची कशी

हा भाग सावकाश वाचा, कारण लोक इथेच घसरतात. शंभर सह्यांचं एक निवेदन येतं, 'आमच्या गावाचं वाटोळं होणार आहे, हा प्रकल्प रद्द करा', आणि फाइलमध्ये त्याची नोंद एक हरकत म्हणून होते. त्यापेक्षा वीस माणसांनी वीस स्वतंत्र पत्रं द्यावीत, प्रत्येकाने आपला एक मुद्दा घ्यावा. विहिरीवाल्याने विहीर, शेताला पाणी देणाऱ्याने व्हाळ, शाळेत मुलं पाठवणाऱ्या आईने रस्ता.

भाषा कोणतीही चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात जागा दिली. तेव्हा 'इंग्रजी येत नाही' म्हणून गप्प बसायची गरज नाही. मी स्वतः मराठीतच लिहितो. फक्त सर्व्हे नंबर, नोटिशीचा क्रमांक आणि झोनची अक्षरं नोटिशीत छापली आहेत तशीच ठेवतो, म्हणजे वाचणारा गोंधळत नाही.

पत्राचा सांगाडा असा ठेवा. नोटिशीचा क्रमांक, तारीख आणि राजपत्राचा अंक वर. मग आपण कोण, त्या जमिनीपासून किती अंतरावर राहतो किंवा शेती करतो. मग मुद्दा, त्याचा पुरावा, आणि नेमकं काय हवं. माझ्या एका पत्रातला मजकूर नंबर गाळून देतो, तुम्ही आपापल्या परीने बदला :

'मी वरील सर्व्हे क्रमांकाला लागून असलेल्या शेताचा कब्जेदार आहे. प्रस्तावित तुकडा प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये भातशेती म्हणून दाखवलेला आहे. या तुकड्यातून व्हाळ वाहतो आणि खालच्या सात शेतांना त्याच व्हाळाचं पाणी मिळतं. सोबत भूमापन नकाशा व तारखेसह पाच छायाचित्रं जोडली आहेत. तुकड्याला येणारी वाट जागेवर ३ मीटर रुंद आहे. झोन बदलल्यास व्हाळाचं पात्र बुजेल आणि खालच्या शेतीला पाणी राहणार नाही. म्हणून हा बदल नाकारावा. निर्णयाआधी खात्याने स्थळपाहणी करावी, पाहणीच्या वेळी मला बोलवावं, आणि माझ्या हरकतीवर काय निर्णय झाला ते कारणासह लेखी कळवावं.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'कारणासह लेखी' या दोन शब्दांवर पुढे न्यायालयात फाइल उभी राहते. ज्या हरकतीचा विचारच झाला नाही ती हरकत वकिलाच्या हातातलं सर्वात चांगलं शस्त्र असते.

मालकाच्या जातीधर्माबद्दल, तो गोव्याबाहेरचा आहे याबद्दल, त्याने कोणाला पैसे दिले असतील याबद्दल एक अक्षरही लिहू नका. सिद्ध करता येत नाही ते पत्रात आलं की खरा मुद्दाही संशयात येतो. आणि माझं स्पष्ट मत आहे, ते नैतिकदृष्ट्याही चुकीचं आहे. जमीन कोणी विकत घेतली यापेक्षा तिथे काय होणार, हा आपला प्रश्न आहे.

पत्र हाताने नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ईमेलही करा. शिक्का न देणाऱ्या टेबलावर वाद घालत बसू नका, सरळ पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवा.

राजकारण : संख्या लहान आहे, हे आपलं बळ

गोव्यात ४० मतदारसंघ आहेत आणि एकेकात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. पालिकेच्या प्रभागात तर त्याहून फारच थोडे. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. त्याच परिसरात २०१८ मध्ये ग्रेटर पणजी पीडीएविरुद्ध गावं उठली होती आणि सरकारला गावं त्यातून वगळावी लागली होती. एवढ्या लहान मतदारसंघात एका वाड्यातली चाळीस घरं गंभीरपणे बोलू लागली की आमदाराला ऐकावंच लागतं. मोठ्या राज्यातल्या खेड्याला ही सोय नाही.

पण आमदार कुठे उभा आहे हे आधी समजून घ्या. पीडीएच्या अध्यक्षपदी पुष्कळदा आमदारच असतो. तो पक्षात ज्येष्ठ असून मंत्रिपद न मिळालेला असेल, तर ते पद त्याच्यासाठी मोठं असतं. तो तुमचा मित्रही असेल, तुमच्या मुलीच्या लग्नाला आलेलाही असेल. त्याच्यापुढे बोलायला जाताना एकटं जाऊ नका आणि तोंडी आश्वासनावर परतू नका. 'बघतो' हे उत्तर घेऊन आम्ही तीनदा परतलो. चौथ्यांदा विनंती केली की विधानसभेत प्रश्न विचारा. तो विचारला गेला, आणि उत्तरासोबत सर्व्हे नंबरांची यादी पटलावर आली. जी माहिती आम्ही वर्षभर मागत होतो ती अधिवेशनाच्या एका दिवसात छापील मिळाली. म्हणून पर्वरीचं अधिवेशन जाहीर झालं की लगेच आपल्या आमदाराला, आणि शेजारच्या विरोधी आमदारालाही, नेमका प्रश्न लिहून द्या : अमुक गावात अमुक तारखेपासून किती सर्व्हे नंबरांचा झोन बदलला, क्षेत्र किती, हरकती किती आल्या, त्यांचं काय केलं.

नगरसेवकांशी वेगळ्या रीतीने वागावं लागतं. त्यांच्या हाती झोन नाही, पण पालिकेचा ठराव आहे. पालिकेने 'या भागातले रस्ते आणि मलनिस्सारण वाढीव बांधकामाला पुरे पडत नाहीत' असा ठराव केला तर तो मंडळापुढे जातो आणि पुढे न्यायालयातही वाचला जातो. ठराव भावनिक नको, मोजमापाचा हवा. बैठकीत कोणी काय म्हटलं त्याचं इतिवृत्त मागून घ्या. मतदानाच्या वेळी दोन नगरसेवक चहाला बाहेर गेले हेही इतिवृत्तात दिसतं. पंचायत हद्दीत हेच काम ग्रामसभेचं. तिथे ठराव लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा, आणि सचिवाने तो वहीत शब्दशः उतरवला का ते सही करण्याआधी वाचा.

एक गोष्ट मला आमच्याच लोकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. प्रत्येक बदल वाईट नसतो. वडिलोपार्जित भाटात धाकट्या भावाला घर बांधायचं आहे आणि आराखड्यात त्याचा तुकडा चुकून बागायतीत गेला आहे, अशी माणसं आहेत. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे आणि नकाशात तिथे भात दाखवलं आहे, अशीही उदाहरणं आहेत. त्यांच्या अर्जावर हरकत घ्यायची नाही; उलट त्यांच्या बाजूने पत्र द्या. त्यामुळे तुमची हरकत येते तेव्हा ती वैरातून आलेली नाही हे अधिकाऱ्याला आणि गावाला दोघांनाही कळतं.

सुनावणी

सुनावणी मिळाली तर पाच मिनिटं मिळतील असं धरून जा. एकच मुद्दा, एक नकाशा, तीन फोटो. नकाशा मोठ्या कागदावर छापून न्या आणि टेबलावर पसरा. बोलण्यापेक्षा बोट ठेवून दाखवणं परिणाम करतं. पत्रात लिहिलेलंच वाचून दाखवू नका, त्यात नसलेला नवा मुद्दा असेल तर तो लेखी पुरवणी म्हणून तिथेच द्या. समोरचा वास्तुविशारद तांत्रिक भाषेत बोलेल. न कळलेला शब्द थांबवून विचारा. आमच्या गावातल्या एका आजींनी 'ह्या रस्त्याक गाडी आल्यार म्हाका खंय उबें रावपाचें?' एवढंच विचारलं होतं, आणि त्या दिवशी नोंदवलेल्या बोलण्यात तेच सर्वात उपयोगी ठरलं.

काम आधीच सुरू झालं असेल तर

डोंगरकापणी किंवा सखल जमिनीत भराव परवानगीशिवाय करता येत नाही. नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम १७अ त्यासाठीच आहे. शनिवार-रविवारी किंवा जोडून सुट्टी आली की ट्रक फिरतात. फोटो-व्हिडिओ घ्या, ट्रकचा नंबर, वेळ आणि जागा लिहा. मग एकाच मजकुराची तक्रार टीसीपीच्या तालुका कार्यालयात, मामलेदारांकडे, पालिका किंवा पंचायतीत आणि पोलिसांत द्या. झाडं तोडली असतील तर वनखात्याकडेही, १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली. फोनवर बोललात तरी त्या दिवशीच लेखी पाठवा. तक्रारदार म्हणून एकाचंच नाव पुढे येऊ देऊ नका, पाच जणांनी मिळून सही करा. लहान गावात एकट्याला त्रास होतो.

माहितीचा अधिकार आणि न्यायालय

अर्जासोबत १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. न आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. फाइल क्रमांक द्या आणि आधी फाइल बघायची मागणी करा, मग हवी ती पानं मागा. स्थळपाहणीचा अहवाल, टिप्पणीची पानं आणि हरकतींची नोंदवही या तीन गोष्टी बहुतेक प्रकरणांत पुरतात.

पर्यावरणाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्यातलं पीठ आहे. तिथे दाव्याची मुदत कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आहे आणि परवानगीविरुद्धच्या अपिलाला फक्त ३० दिवस. त्यामुळे आदेशाची प्रत हाती आली त्या आठवड्यातच वकिलाला भेटा. झोनच्या प्रश्नासाठी पर्वरीचं उच्च न्यायालय. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, आणि वाड्यातल्या एखाद्या बाईने पुढे व्हायचं ठरवलं तर खर्चाची मोठी अडचण सुटते.

अंतिम अधिसूचना निघाली की आणखी एक काम उरतं. मसुदा नकाशा आणि अंतिम नकाशा शेजारी ठेवा आणि वहीतले सगळे नंबर पुन्हा एकदा, एकेक करून, जुळवून बघा. ज्यावर हरकत घेतली तो तुकडा सुटलेला असतो, आणि त्याच्या पलीकडचा, मसुद्यात हिरवा असलेला, पिवळा झालेला असतो. असं सापडलं तर त्याच दिवशी तारीख टाकून पत्र द्या : हा बदल मसुद्यात नव्हता, त्यावर हरकत घ्यायची संधी आम्हाला मिळालेली नाही.